भूल देताना रुग्णाची फुप्फुसे कशी जपावीत : लहान-मध्यम रुग्णालयांतील सहकाऱ्यांसाठी

पूर्ण भूल दिल्यानंतर पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या फुप्फुसांचा पाठीकडचा भाग मिटू लागतो. स्नायू सैल पडतात, श्वासपटल छातीच्या दिशेने वर सरकते, श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा सुमारे अर्ध्या लिटरने कमी होते आणि दहापैकी नऊ रुग्णांमध्ये, मग रुग्ण कितीही निरोगी आणि तरुण असो, काही वायुकोश बंद होतात. तरुण रुग्ण संध्याकाळी उठून बसतो, खोकतो, चार पावले चालतो आणि ते वायुकोश पुन्हा उघडतात. मात्र पासष्टी ओलांडलेला, बिडी ओढणारा, पोटाच्या वरच्या भागावर टाके पडलेला रुग्ण वेदनेमुळे खोल श्वासच घेत नाही. मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, त्यात कफ साठतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आणि धाप घेऊन न्यूमोनिया समोर उभा राहतो. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, टाके कोरडे असतात आणि तरीही रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे लागते.

मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळी गंगापूर रोडवरील एक शस्त्रक्रिया, दुपारी नाशिक रोडला दुसरी आणि रात्री पंचवटीतून तातडीचा फोन, असा आमच्यापैकी अनेकांचा दिवस असतो. प्रत्येक ठिकाणचे यंत्र वेगळे, सिस्टर वेगळ्या, सवयी वेगळ्या. अशा धावपळीत फुप्फुसांची काळजी घेण्याची एक ठरलेली पद्धत हाताशी असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. हे मार्गदर्शन नव्या भूलतज्ज्ञांसाठी, शस्त्रक्रियागृहातील टेक्निशियनसाठी आणि रिकव्हरीत रुग्णाजवळ बसणाऱ्या सिस्टरसाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी पहिला आणि शेवटचा भाग वाचला, तरी त्यांना त्याचा उपयोग होईल.

आधीची तपासणी

आपल्या जिल्ह्यात केवळ ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारून भागत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येणाऱ्या कित्येक मावशींनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो, पण तीस-चाळीस वर्षे त्यांनी चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला असतो आणि त्यांची फुप्फुसे एखाद्या जुन्या धूम्रपान करणाऱ्याइतकीच आखडलेली असू शकतात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला वेल्डिंगचा धूर आणि ग्राइंडिंगची धूळ यांबद्दल विचारावे. द्राक्षबागायतदाराला फवारणीबद्दल विचारावे, त्याचे आणखी एक कारण पुढे येईल. ‘एक जिना न थांबता चढता येतो का?’ हा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर पुष्कळ काही सांगून जाते. त्यानंतर रुग्णाला ऑक्सिजन न लावता, खोलीतील हवेवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी, पाहावे आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर रात्री दोन वाजता ९३ हा आकडा पाहून घाबरायचे की नाही, हे या सकाळच्या आकड्यावरूनच ठरते.

धोका मोजण्यासाठी मी ‘ॲरिस्कॅट’ ही गुणपद्धती वापरते. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातील रुग्णांच्या अभ्यासातून ती तयार झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली. तिला स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, लागत नाही, महागडी तपासणी लागत नाही, म्हणून ती आपल्याकडे सोयीची आहे. उदाहरण म्हणून निफाडकडचे ६८ वर्षांचे एक शेतकरी घेऊ. वय ५१ ते ८० असल्याचे ३ गुण, सॅच्युरेशन ९१ ते ९५ यांच्या दरम्यान असल्याचे ८, पोटाच्या वरच्या भागावर छेद असल्याचे १५ आणि शस्त्रक्रिया दोन ते तीन तास चालणार असल्याचे १६ असे एकूण ४२ गुण होतात. २६ ते ४४ गुण म्हणजे मध्यम धोका. मूळ अभ्यासात या गटातील सुमारे १३ टक्के रुग्णांना श्वसनाची गुंतागुंत झाली होती. आता याच काकांना तीन आठवड्यांपूर्वी ताप आणि खोकला येऊन गेला असेल, तर त्याचे १७ गुण वाढून बेरीज ५९ होते. ४५ गुणांपासून जास्त धोक्याचा गट सुरू होतो आणि त्या गटात हे प्रमाण ४२ टक्के होते. शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल, तर महिनाभर पुढे ढकलण्याने काय साधते, हे सर्जनला आणि घरच्यांना पटवून देण्यासाठी या दोन बेरजा पुरेशा होतात. हिमोग्लोबिन १० किंवा त्याखाली असेल तर ११ गुण आणि तातडीची शस्त्रक्रिया असेल तर ८ गुण वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडलेली उत्तम. ‘आता दोनच दिवस राहिले, आता सोडून काय उपयोग, उलट कफ वाढेल,’ असे रुग्णच नव्हे तर काही डॉक्टरही म्हणतात. ते बरोबर नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातून उतरायला बारा ते चोवीस तास पुरतात आणि तेवढ्यानेही रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता सुधारते. म्हणून जो दिवस हाती असेल, त्या दिवशी सोडायला सांगावे. दम्याचा पंप शस्त्रक्रियेच्या सकाळीही घ्यायचा असतो आणि रुग्णासोबत थिएटरपर्यंत आणायचा असतो. लहान मुलाच्या नाकातून घट्ट शेंबूड वाहत असेल, त्याला ताप किंवा ओला खोकला असेल, तर नियोजित शस्त्रक्रिया किमान दोन आठवडे पुढे न्यावी.

एक गोष्ट अशी आहे, की जिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि जी आपल्याकडे क्वचितच होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया होणाऱ्या चारशेहून अधिक रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा, तीस मिनिटे, समोर बसवून शिकवले : फुप्फुसे का मिटतात, शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला खोल श्वास कसे घ्यायचे, कसे खोकायचे. बाकीच्यांना नुसते पत्रक दिले. पत्रकवाल्यांत २७ टक्के रुग्णांना श्वसनाची गुंतागुंत झाली, शिकवलेल्यांत १२ टक्के. शिकवण्याची वेळ शस्त्रक्रियेआधीची असते, कारण नंतर रुग्ण वेदनेत आणि गुंगीत असतो. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट नसेल, तर हे काम सिस्टरने किंवा आपण स्वतः करावे.

उपाशी राहणे आणि उपवास करणे

पोटातील अन्न श्वासनलिकेत जाणे हा फुप्फुसांवरील सर्वांत आकस्मिक आघात आहे. हलक्या जेवणानंतर सहा तास, तळलेल्या किंवा तेलकट जेवणानंतर आठ तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि पाण्यानंतर दोन तास हा नियम आपल्याला पाठ असतो. अडचण भाषेची आहे. काही वर्षांपूर्वी एका आजींना आदल्या रात्री फोनवर ‘उद्या उपवास ठेवा’ असे सांगितले गेले. सकाळी त्या थिएटरच्या दारात आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे शेवटचे काय खाल्ले, असे विचारले. त्यांनी निर्मळपणे सांगितले, ‘काही नाही गं बाई, उपवासच आहे. थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.’ शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली ती खिचडी खाऊन दीड तास झाला होता. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी केली.

तेव्हापासून मी ‘उपवास’ हा शब्द वापरत नाही आणि कुणाला वापरू देत नाही. ‘रात्री अमुक वाजल्यानंतर तोंडात काहीही घालायचे नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्किट नाही, फराळाचेही नाही, साधे पाणी पहाटे अमुक वाजेपर्यंत चालेल,’ असे घड्याळातील वेळ सांगून बोलावे. चहा हा वेगळा उल्लेखून सांगावा लागतो, कारण आपल्याकडे चहाला खाणे कुणी समजत नाही. दुधाच्या चहाला सहा तास लागतात. मधुमेहासाठी किंवा वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन चालू असेल, तर वेळ पाळूनही पोट भरलेले असू शकते, म्हणून त्याची मुद्दाम चौकशी करावी.

श्वासाचे माप उंचीवरून

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : फुप्फुसांचा आकार माणसाच्या उंचीवर ठरतो, वजनावर नाही. माणूस पन्नास किलोंचा नव्वद किलो झाला, तरी त्याची फुप्फुसे तेवढीच राहतात. उलट पोटाच्या दाबाने त्यांना मिळणारी जागा कमी होते. म्हणून व्हेंटिलेटरवरील टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत ढकलायची हवा, काट्यावरील वजनाने काढणे ही मूळ चूक आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एक ताई आल्या होत्या. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. मी टायडल व्हॉल्यूम ६०० मिलिलिटर लावला, पीप (श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून यंत्र फुप्फुसांत टिकवून ठेवते तो दाब, सेंटिमीटर पाण्यात मोजलेला) शून्य ठेवला आणि सॅच्युरेशन शंभर दिसत असल्यामुळे निश्चिंत राहिले. त्यांच्या उंचीनुसार अपेक्षित वजन ४१ ते ४२ किलो येते. म्हणजे मी त्यांना किलोमागे १४ मिलिलिटरहून अधिक हवा दीड तास देत होते. त्या रात्री त्यांचे सॅच्युरेशन ८८ वर आले, दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंच्या तळाशी सावली होती आणि चार दिवस ऑक्सिजन लावावा लागला. त्यांच्या यजमानांनी मला विचारले, ‘मॅडम, ऑपरेशन तर पित्ताशयाचं होतं, मग फुप्फुसाला काय झालं?’ केवळ माझ्या त्या आकड्यामुळेच तसे झाले, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण त्या आकड्याचे समर्थन मला तेव्हाही करता आले नाही आणि आजही करता येत नाही.

अपेक्षित वजनाचे सूत्र असे आहे. पुरुषासाठी सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्या संख्येला ०.९१ ने गुणावे आणि त्यात ५० मिळवावेत. स्त्रीसाठी ५० च्या जागी ४५.५ मिळवावेत. येणाऱ्या वजनाला किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर याप्रमाणे हवा द्यावी. मी सातापासून सुरुवात करते. सातच्या हिशेबाने स्त्रीची उंची १४५ असल्यास २७० मिलिलिटर, १५० असल्यास ३००, १५५ असल्यास ३३५ आणि १६० असल्यास ३६५ असे आकडे येतात. पुरुषाची उंची १६० असल्यास ४००, १६५ असल्यास ४३०, १७० असल्यास ४६० आणि १७५ असल्यास ४९५. हे आठ आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून यंत्राला अडकवावेत. ज्या रुग्णालयांत मी जाते, तिथे टेक्निशियन दादांना मी एवढीच विनंती करते, की रुग्णाचे वजन लिहिताना शेजारी उंचीही लिहा. रुग्ण उभा राहू शकत नसेल, तर निजलेल्या अवस्थेत डोक्यापासून टाचेपर्यंत इंचटेप लावा.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. अनेक जुन्या व्हेंटिलेटरमध्ये ताज्या वायूचा प्रवाह श्वास आत ढकलला जात असतानाही चालू राहतो आणि लावलेल्या टायडल व्हॉल्यूममध्ये भर घालतो. समजा, प्रवाह मिनिटाला ६ लिटर आहे, श्वास मिनिटाला १२ आहेत आणि आत-बाहेरचे प्रमाण एकास दोन आहे. मिनिटातील वीस सेकंद श्वास आत जात असतो, तेवढ्या वेळात दोन लिटर वायू येतो आणि तो बारा श्वासांत वाटला जाऊन प्रत्येक श्वासात सुमारे १६७ मिलिलिटरची वाढ होते. म्हणजे डायलवर ३०० लावले, तरी त्या छोट्या चणीच्या बाईंच्या छातीत साडेचारशेहून अधिक हवा जाते. अशा यंत्रावर प्रवाह दोन लिटरच्या आसपास आणावा आणि आत जाणाऱ्या हवेवर नव्हे, तर बाहेर येणाऱ्या हवेच्या मापावर विश्वास ठेवावा. प्रवाह कमी केल्याने वायू उबदार आणि ओलसर राहतात, हा आणखी एक फायदा आहे.

हवा कमी दिली तर कार्बन डायऑक्साइड साठेल, ही भीती श्वासांची गती वाढवून दूर होते. मिनिटाला १४ ते १८ श्वास द्यावेत आणि कॅप्नोग्राफवरील, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरील, आकडा पाहत राहावे. मात्र चुलीच्या धुराने किंवा बिडीने श्वासनलिका आकुंचन पावलेल्या रुग्णात उलट करावे लागते : गती कमी ठेवून श्वास बाहेर पडायला भरपूर वेळ द्यावा, नाही तर आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्यापूर्वी पुढचा आत जातो, हवा छातीत अडकत जाते आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी सर्किट, म्हणजे यंत्राला रुग्णाशी जोडणाऱ्या नळ्या, क्षणभर सोडवून छाती रिकामी होऊ देणे हा पहिला उपाय आहे.

पीप, दाब आणि मिटलेले वायुकोश उघडणे

मोठ्या श्वासांची सवय आली कुठून, हे समजून घेतले तर ती सोडणे सोपे जाते. १९६३ साली अमेरिकेतील बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की भुलेखाली उथळ श्वास दिल्याने वायुकोश मिटत जातात. त्यावर उपाय म्हणून मोठे श्वास देण्याची प्रथा पडली आणि ती काही दशके टिकली. निरीक्षण अचूक होते, पण मोठ्या श्वासाने उघडी फुप्फुसे प्रमाणाबाहेर ताणली जातात, हे पुढे उमगले. २००० साली अमेरिकेतील ८६१ अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. ते रुग्ण आधीच फुप्फुसे निकामी होत असलेले होते. शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबतचा मोठा अभ्यास २०१३ साली फ्रान्समधून आला : पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ४०० रुग्णांत लहान श्वास, ६ ते ८ पीप आणि दर अर्ध्या तासाला फुप्फुसे उघडणे या तिन्हींमुळे पहिल्या आठवड्यातील मोठ्या गुंतागुंती २७.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आल्या.

यावरून पीप जितका जास्त तितका चांगला, असे काहींना वाटले. तसे नाही. २०१४ साली ९०० रुग्णांत १२ पीप आणि अगदी कमी पीप यांची तुलना झाली; फुप्फुसांना फायदा झाला नाही, रक्तदाब मात्र जास्त जणांचा घसरला. २०१९ साली स्थूल रुग्णांत १२ आणि ४ यांची तुलना झाली, तिथेही निर्णायक फरक आढळला नाही. २०२० साली ऑस्ट्रेलियातील बाराशेहून अधिक रुग्णांत दोन्ही गटांना ५ पीप देऊन किलोमागे ६ आणि १० मिलिलिटर यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही सारखेच ठरले. हा शेवटचा अभ्यास दाखवून काही सहकारी म्हणतात, की मग मोजायचेच कशाला? त्यांना माझे सांगणे असे, की त्या अभ्यासातील १० मिलिलिटरसुद्धा उंचीवरून काढलेले होते आणि सोबत पीप होता. काट्यावरील वजनाने काढलेल्या आणि पीप नसलेल्या श्वासाला त्या अभ्यासाचा आधार मिळत नाही.

म्हणून माझी पद्धत मध्यममार्गी आहे. पीप ५ ने सुरुवात करावी. मग श्वास आत जाऊन क्षणभर थांबेल अशी सोय यंत्रावर असेल, तर ती लावून त्या थांब्यातील दाब, म्हणजे प्लॅटो प्रेशर, पाहावे आणि त्यातून पीप वजा करावा. येणारा आकडा म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर. तो १३-१४ च्या आत असावा. पीप ५ वरून ७ केल्यावर हा आकडा कमी झाला, तर वायुकोश उघडले असे समजावे. वाढला, तर आधीच उघडी असलेली फुप्फुसे ताणली जात आहेत, मागे यावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरल्यावर आणि डोके खाली केल्यावर सगळे दाब वाढतात. अशा वेळी पोटातील वायूचा दाब १२ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवून काम होते का, हे सर्जनला विचारायला संकोच करू नये. त्याच वेळी श्वासपटलासोबत फुप्फुसे वर सरकून श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबचे टोक उजव्या बाजूला घुसू शकते, म्हणून स्थिती बदलली की दोन्ही बाजूंना पुन्हा स्टेथोस्कोप लावावा.

ट्यूब टाकल्यानंतर, सर्किट सुटल्यानंतर किंवा सॅच्युरेशन हळूहळू उतरू लागल्यावर मिटलेला भाग उघडावा लागतो. यंत्रावर पायरीपायरीने दाब वाढवणे उत्तम. ते शक्य नसेल, तर पिशवीने ३० ते ४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब सात-आठ सेकंद धरावा, नजर रक्तदाबावर ठेवावी आणि हात सोडल्याबरोबर पीप चालू असल्याची खात्री करावी, कारण पीप नसेल तर उघडलेले पुन्हा मिटायला वेळ लागत नाही. रक्तदाब आधीच कमी असेल, फुप्फुसांत फुगे असतील किंवा मेंदूवर दाब असेल, तर हे करू नये.

ऑक्सिजनबद्दलही थोडे. ट्यूब टाकण्यापूर्वी तीन मिनिटे शंभर टक्के ऑक्सिजन हवाच, स्थूल रुग्णाला डोके आणि खांदे उंच करून. तिथे काटकसर नको. पण त्यानंतर शस्त्रक्रियाभर शंभर टक्के चालू ठेवल्याने वायुकोशातील ऑक्सिजन रक्तात शोषला जाऊन कोश रिकामे पडतात आणि मिटतात. शिवाय मॉनिटरवर शंभरचा आकडा दिसत राहिल्याने बिघाड उशिरा कळतो. बहुतेकांना हवा मिसळून ३० ते ४० टक्के पुरतो. ज्या यंत्रावर मेडिकल एअरची जोडणी नाही, तिथे ती करून घेण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक रुग्णासाठी नवा फिल्टर वापरावा. क्षयरोग आपल्याकडे अजून घरोघरी आहे.

फुप्फुसे कमकुवत असलेल्या रुग्णाला पाठीतून भूल देऊन काम होत असेल, तर वरील बहुतेक प्रश्न उरतच नाहीत. मात्र खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेतून दिलेला ब्लॉक, म्हणजे नसांभोवती दिलेली स्थानिक भूल, त्याच बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पाडतो, हे विसरू नये.

स्नायू पूर्ववत होणे

ट्यूब काढताना घाई झाली, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा थोडासा अंश उरला, तरी घसा नीट बंद होत नाही, खोकला निर्जीव येतो आणि लाळ खाली उतरते. पाच सेकंद डोके उचलून धरले म्हणजे रुग्ण पूर्ववत झाला, हा समज चुकीचा आहे. बराच अंश उरलेला असतानाही रुग्ण डोके उचलू शकतो. नर्व्ह स्टिम्युलेटर लावून चार झटक्यांतील चौथ्याचे पहिल्याशी प्रमाण किमान ०.९ असावे, आणि केवळ डोळ्यांना सारखे दिसतात म्हणून ते ०.९ झाले असे धरू नये, मोजणारे उपकरण वापरावे. निओस्टिग्मिनला आपले काम करायला दहा मिनिटे तरी लागतात. ते टोचून लगेच ट्यूब ओढण्याची पद्धत सोडून द्यावी. सुगामॅडेक्स झटपट काम करते, पण रोक्युरोनियम आणि वेक्युरोनियमवरच. ॲट्राक्युरियमवर त्याचा उपयोग नाही.

आता फवारणीचा मुद्दा. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागांत फवारण्यांचे सत्र सुरू होते. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांशी सतत संपर्क आला, तर रक्तातील कोलिनएस्टरेज हे विकर कमी होते आणि ट्यूब टाकण्यासाठी दिले जाणारे आणि एरवी काही मिनिटांत उतरणारे स्कोलिन हे स्नायू-शिथिलक बराच वेळ उतरत नाही. म्हणून ब्लोअरवर बसणाऱ्या किंवा औषध कालवणाऱ्या माणसाला कोणते औषध, किती दिवसांपूर्वी फवारले, हे विचारावे. शक्य असल्यास स्कोलिन टाळावे. दिलेच, तर झटके परत आल्याशिवाय दुसरे शिथिलक देऊ नये आणि श्वास येत नसेल तर न घाबरता भूल व व्हेंटिलेटर चालू ठेवून वाट पाहावी.

ट्यूब काढताना डोके तीस अंश उंच असावे. घसा आधीच साफ करावा. ट्यूबमधून सक्शन करत करत ती काढू नये, कारण तेवढ्यात फुप्फुसांतील हवा ओढली जाते.

वॉर्डात

रिकव्हरीत रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन चांगले दिसणे म्हणजे श्वास पुरेसा असणे नव्हे. सिस्टरनी मिनिटभर छातीकडे पाहून श्वास मोजावेत आणि वॉर्डात पाठवण्यापूर्वी ऑक्सिजन थोडा वेळ काढून आकडा कुठे स्थिरावतो ते पाहून लिहावे. वेदना नीट शमवल्याशिवाय कोणताही रुग्ण खोल श्वास घेणार नाही, म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेत एपिड्युरल (पाठीतील बारीक नळीतून दिलेले वेदनाशामक औषध) किंवा पोटाच्या भिंतीचा ब्लॉक आणि नियमित पॅरासिटामॉल यांवर भर द्यावा. मॉर्फिनसारखी औषधे जितकी कमी लागतील तितके बरे.

खोल श्वासाच्या व्यायामाचे तीन गोळ्यांचे (प्लास्टिकच्या छोट्या चेंडूंचे) यंत्र जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या उशाशी असते आणि अर्ध्याअधिक वेळा रुग्ण त्यात फुंकत असतो. त्यात फुंकायचे नाही, ओढायचे आहे. ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत, श्वास सावकाश आत ओढावा, एक गोळी वर गेली तरी पुरे, ती तिथे दोन-तीन सेकंद तरंगत ठेवावी आणि मग श्वास सोडावा. तिन्ही गोळ्या एका झटक्यात वर आपटल्याने काही साधत नाही. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास घ्यावेत. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी, त्याने टाक्यांवरचा ताण आणि भीती दोन्ही कमी होतात. दात दिवसातून दोनदा घासावेत; मिसरी लावू नये, कारण तोंडातील जंतूच खाली उतरून न्यूमोनिया करतात.

नाशिकच्या हिवाळ्यात एक दृश्य नेहमी दिसते. रुग्णाला कानटोपी, मफलर, दोन रजया आणि सपाट निजवलेले. शेजारी बसलेली मुले किंवा सून म्हणते, ‘हलू नका, टाके तुटतील, पडून राहा.’ त्यांच्या मायेत खोट नाही, पण सपाट पडून राहणे हेच फुप्फुसांना सर्वांत घातक आहे. त्यांना समजावून सांगावे, की उबदार कपडे जरूर घाला, पण पलंगाचे डोके तीस अंश उंच ठेवा, सर्जनची हरकत नसेल तर त्याच संध्याकाळी पाय खाली सोडून बसवा आणि दुसऱ्या दिवसापासून धरून का होईना, दिवसातून तीन वेळा चालवा. उशाशी बसलेला नातेवाईक हा आपला सर्वांत चांगला मदतनीस असतो. त्याला नेमके काम दिले, तर तो ते निष्ठेने करतो.

सर्वांना सरसकट दाबाचा मास्क लावल्याने फायदा होत नाही, हे २०२१ साली सुमारे ४८०० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. पण सॅच्युरेशन घसरू लागलेल्या रुग्णाला तो वेळेवर लावला, तर पुन्हा ट्यूब टाकण्याची वेळ टळू शकते. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरसाठी केसपेपरच्या पहिल्या पानावर मी तीन ओळी लिहून ठेवते : शस्त्रक्रियेपूर्वी हवेवरील सॅच्युरेशन किती होते; ते त्याहून चारने खाली आले, श्वास मिनिटाला २५ च्या वर किंवा १० च्या खाली गेले, किंवा रुग्ण बडबडू लागला अथवा गुंगीतून उठेनासा झाला, तर आधी उठवून बसवा, ऑक्सिजन लावा आणि लगेच फोन करा; आणि त्याखाली माझा मोबाइल क्रमांक, ‘कितीही वाजता’ असे लिहून.